घडी होणारी ट्रायमरान (म्हणजे मध्ये एक आणि दोन बाजूंना दोन अशी तीन अंगांची शिडाची होडी) नेरूळच्या सोसायटीत ठेवता येईल का? आणि ही घडी जमवली कोणी?

रुंदीचं म्हणाल तर येईल. तो तिढा इयन फॅरियर या न्यूझीलंडच्या माणसाने १९७० च्या दशकातच सोडवला. प्रत्येक बाजूचा फ्लोट, म्हणजे बाजूची लहान होडी, बिजागरीच्या आडव्या दांड्यांवर बसवलेला असतो. बोल्ट काढला की तो खाली झुकत मधल्या होडीला येऊन चिकटतो, तेही पाण्यात असतानाच. १९८५ च्या सुमारास आलेल्या कॉर्सेअर कंपनीच्या 'एफ-२७' या फॅरियरच्याच पद्धतीच्या होडीची रुंदी उघडल्यावर साधारण १९ फूट, मिटल्यावर साडेआठ. म्हणजे ट्रेलरवर चढवून रस्त्याने न्यायला मोकळी.

यात एक खोट आहे. मिटलेला फ्लोट कुशीवर पडतो, त्यामुळे होडी तशीच पाण्यात ठेवली तर त्याच्या बाजूंवर शेवाळ, शिंपले चढतात. डेन्मार्कच्या ड्रॅगनफ्लाय या ट्रायमरानमध्ये फ्लोट उभेच राहून मागे सरकतात, पण मग लांबी वाढते. तुम्हाला फॅरियरचीच पद्धत बरी.

फक्त एवढंच, की २७ फूट लांबी म्हणजे दोन गाड्यांची जागा, हे कमिटीला आधी सांगा! ठाणे खाडीत ओहोटीला नुसता चिखल उरतो, तेव्हा भरतीचं कोष्टक बघूनच होडी उतरवा.