बेडरूमचा कायापालट, जुन्या साडीत

ताई, नागपूरच्या गांधीबाग बाजारात नवं कापड घ्यायला जाण्याआधी कपाटातली जुनी सुती साडी काढ. साडेपाच मीटरच्या साडीत सात फुटांचे दोन पडदे आरामात बसतात, वर-खाली दुमडायला सहा-सहा इंच धरूनही. काठ उभे येतात, त्यामुळे कडा शिवायची कटकटच नाही. आपल्या मे महिन्याच्या उन्हासाठी आतून जुन्या चादरीचं अस्तर लाव. ते वगळू नकोसच.

उरतो पदर. त्यातून सोळा इंची कुशनचं एक कव्हर निघतं: सतरा बाय चाळीस इंचांची पट्टी, मागे सहा इंचांची घडी एकमेकांवर. चेन लावायच्या भानगडीत आत्ता पडू नको. अस्तराची चादर नवी असेल तर आधी भिजवून वाळव, सुती कापड आटतं. भरतकाम वगैरे नंतर बघू.