मणका दुखावला म्हणून राजीनामा द्यावा, पीएफ काढून टेम्पो घ्यावा का?

प्रश्न: बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत मोल्डर आहे. वय 43, नोकरी 11 वर्षं, पगार 18,000. एमआरआयमध्ये कमरेची गादी सरकल्याचं दिसलं, वजन उचलायला मनाई आहे. राजीनामा देऊन पीएफचे 3.8 लाख काढावेत आणि अडीच लाखांचं कर्ज काढून मालवाहू टेम्पो घ्यावा का?

उत्तर: राजीनामा आत्ता अजिबात देऊ नका.

कंबरदुखी 1990 पासून जगात अपंगत्वाचं सर्वांत मोठं कारण आहे. 2020 मध्ये 61.9 कोटी लोकांना ती होती, 2050 पर्यंत हा आकडा 84 कोटींवर जाण्याचा अंदाज आहे. तरीही आपल्याकडचा विमा नेमका इथेच हात वर करतो. वर्षाला 20 रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना काय किंवा टर्म प्लॅनवरचा अपंगत्वाचा रायडर (जोडून घेतलेलं जादा संरक्षण) काय, पैसे मिळतात ते अपघातात. झिजून सरकलेली गादी त्यात बसत नाही. नवीन मेडिक्लेममध्येही जुन्या दुखण्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

तुम्हाला खरा आधार आहे तो ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी राज्य विमा योजनेचा, आणि तो नोकरीला बांधलेला आहे. पगाराच्या स्लिपवर 0.75 टक्के कपात दिसते का ते आधी बघा. मागच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर वर्षात 91 दिवस सरासरी पगाराच्या 70 टक्के, म्हणजे महिन्याला साधारण 12,600 मिळतात. सरकलेली गादी दीर्घ आजारांच्या यादीत आहे. सलग दोन वर्षं नोकरी आणि मागच्या चार सहामाहींत 156 दिवसांची वर्गणी असेल, तर पुढे 80 टक्के दराने, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत लाभ वाढवून मिळू शकतो. घोळ होतो तो इथे: माणूस परस्पर मिरजेला किंवा कोल्हापूरला जाऊन खासगी ऑपरेशन करून येतो, आणि ती चिठ्ठी ईएसआयमध्ये आपोआप चालत नाही. रजेचं सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरकडूनच घ्या, एकही आठवडा मध्ये सुटू देऊ नका. मोल्डिंग बॉक्स उचलताना एका झटक्यात कंबर गेली असेल आणि अपघात रजिस्टरमध्ये नोंद असेल, तर ती कामावरची दुखापत ठरू शकते. तिथे दर 90 टक्के आहे.

आता पीएफ. 3.8 लाखांत पासबुकातला पेन्शनचा रकाना धरलाय का? 10 वर्षं पूर्ण झाल्यावर ती रक्कम काढता येत नाही, तिचं पेन्शनच मिळतं. उरलेली सगळी रक्कमही राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी हातात पडत नाही.

टेम्पोची मला जास्त काळजी वाटते. तासन्‌तास बसणं आणि गाडीचे हादरे ही कंबरदुखीची ओळखीची कारणं आहेत, आणि आपल्या बाजारात माल चढवायला-उतरवायला ड्रायव्हरलाच हात लावावा लागतो. अडीच लाखांवर 11 टक्क्यांनी चार वर्षांचा हप्ता सुमारे साडेसहा हजार येतो. कंबर पुन्हा धरली तरी तो थांबत नाही. ड्रायव्हर ठेवलात तर त्याचा पगार आधी वजा करून हिशेब मांडा.

गादीचा त्रास बऱ्याच जणांना 6 ते 12 आठवड्यांत ऑपरेशनशिवाय कमी होतो, पण नुसतं पडून राहून नाही. लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पाय लुळा पडू लागला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

तोवर मालकाकडे हलक्या कामाची मागणी लेखी द्या: तपासणी, स्टोअर, पॅटर्नची नोंद. पोचेची सही घेऊन प्रत जपून ठेवा. आणि उद्या पूर्ण व कायमचं अपंगत्व ठरलंच, तर 10 वर्षांची अट न लावता पीएफचं पेन्शन सुरू होतं, महिन्याला किमान 1,000 रुपये. पण ते अपंगत्व नोकरीत असतानाच आलेलं असावं लागतं.