‘पैसे नाही दिले आणि त्यानं काही करून घेतलं तर?’

मी व्यसनी माणसांच्या घरच्यांशी बोलणारी समुपदेशक. महिन्यातून चार-पाच वेळा तरी हा प्रश्न माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसतो. कधी आई विचारते, कधी बायको, कधी मोठी बहीण. ज्याच्याबद्दल विचारतात तो बहुतेक वेळा घरी झोपलेला असतो. मागच्या वर्षी हाच प्रश्न घेऊन एक काका आले. एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत, आणि लिहायला काकांची परवानगी आहे.)

मुलगा एकतीस वर्षांचा. नाशिकलाच अंबडच्या एमआयडीसीत कामाला. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलेला, दोन्ही वेळा बाहेर पडल्यावर काही महिन्यांत दारू पुन्हा सुरू. सून लेकराला घेऊन माहेरी गेलेली.

काकांच्या कापडी पिशवीत एक जुनी डायरी होती. बारीक, एकसारख्या अक्षरात नोंदी. ‘१४ जून, बारची उधारी ३,२००. २ जुलै, गहाण पडलेली गाडी सोडवली, ५,०००. १९ जुलै, कंपनीत फोन, डेंग्यू झाला सांगितलं.’ पैशाबरोबर स्वतःचं खोटं बोलणंसुद्धा तारीखवार लिहिणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

“हिशोब कशासाठी ठेवता, काका?”

“तो सुधारला की दाखवीन त्याला.”

पहिल्या दोन भेटी डायरीतच गेल्या. तिसऱ्या वेळी ते रागावून आले. पुण्याला असलेल्या मुलीनं सुट्टीत त्यांना शेजारी बसवून एक इंग्रजी सिनेमा दाखवला होता, ‘ब्यूटिफुल बॉय’, २०१८ सालचा. मधे मधे थांबवून ती मराठीत सांगत होती.

“त्या माणसानं फोन ठेवला, मॅडम! पोरगं तिकडून रडतंय, घरी येऊ द्या म्हणतंय, आणि हा नाही म्हणतो. असला कसला बाप? मी तिथंच बंद करायला लावला.”

हा सिनेमा माझ्या आवडीचा आहे. अमेरिकेतले पत्रकार डेव्हिड शेफ आणि त्यांचा मुलगा निक यांच्या खऱ्या आयुष्यावरचा. दोघांनी आपापली आठवणींची पुस्तकं लिहिली आणि दोन्ही मिळून पटकथा झाली. मुलगा क्रिस्टल मेथ या अमली पदार्थाच्या आहारी गेलेला. बाप डॉक्टरांना गाठतो, वाचतो, रस्त्यावर शोधत फिरतो. सुधारणा होते, मोडते, पुन्हा होते. व्यसनावरचे आपले बरेच सिनेमे माणूस बाटली फोडतो तिथे संपतात. हा मात्र सुटलेलं व्यसन परत लागताना दाखवायला कचरत नाही. त्यातला एक प्रसंग मला फोनपेक्षाही मोठा वाटतो. घर फोडून पळणाऱ्या निकच्या गाडीमागे त्याची सावत्र आई आपली गाडी पळवते, आणि मध्येच वेग कमी करून थांबते. स्टिअरिंग धरून रडते. पाठलाग सोडणं इतकं नेमकं मी क्वचितच पाहिलंय.

पुढे तो मुलगा मरणाच्या दारातून परत येतो, हे मी काकांना सांगितलं नाही. पडद्यावरचा वाचला म्हणून यांचाही वाचेल, असा खोटा धीर मी कुणाला देत नाही.

मी विचारलं, “तुम्ही असता तर काय केलं असतं?”

“गेलो असतो. टोचन लावून ओढून आणला असता.”

शब्द त्यांच्या कामातला होता म्हणून मी तोच धरला. वीस वर्षांत मला एवढं नक्की कळलंय की माणसाला त्याच्याच धंद्याच्या भाषेत विचारलं की तो स्वतःपासून लपू शकत नाही.

“टोचन कसं लावतात, काका? मला खरंच माहीत नाही.”

ते खुलले. ब्रेकडाऊन गाडी, मध्ये लोखंडी दांडा किंवा साखळी, अंतर किती ठेवायचं, घाटात काय काळजी घ्यायची. दोन्ही हात टेबलावर ठेवून पुढची गाडी, मागची गाडी करून दाखवत होते.

“मग मागच्या गाडीत कुणी नसतं?”

“असं कसं! ड्रायव्हर लागतोच. स्टिअरिंग त्यानं सांभाळायचं, ब्रेक त्यानं दाबायचा. साखळी असली आणि मागं कुणी नसलं, तर उतारावर तीच गाडी येऊन पुढचीवर आदळेल ना...”

आणि हात तसेच टेबलावर राहिले. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं तोंड बंद ठेवायचं असतं. हे शिकायला मला फार वर्षं लागली. बाहेर रिक्षा उभी राहून निघून गेली, तरी ते हातांकडेच बघत होते.

“त्याला मी सीटवर बसवलाच नाही,” ते म्हणाले. “सहा वर्षं मोकळी गाडी ओढतोय.”

त्या दिवशी दुसरं काहीच केलं नाही आम्ही.

मी पिणाऱ्या एकट्या माणसाकडे कधी बघत नाही, घराकडे बघते. घरातल्या एकानं आपली जागा बदलली की बाकीच्यांना हलावंच लागतं. आपल्याकडे मात्र जागा न बदलणाऱ्याचंच कौतुक. १९१९ मध्ये ‘एकच प्याला’ रंगमंचावर आलं, बालगंधर्वांच्या सिंधूवर महाराष्ट्र रडला. दुसऱ्यांचं दळण दळून संसार ओढणारी, नवऱ्याला शब्दानं न दुखवणारी सिंधू शेवटी मरते, हे मात्र आपण सोयीनं विसरतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांना सासरच्यांनी सिंधू करून ठेवलेलं असतं.

आता मूळ प्रश्न. पैसे नाकारायचे म्हणजे दार लावून घ्यायचं नाही. काकांनी एकच वाक्य पाठ केलं: “पैसे देणार नाही. डॉक्टरकडे यायचं असेल तर आत्ता रिक्षा बोलावतो.” उधारी त्याची, सुट्टीचा फोन त्याचा. ‘जीव देईन’ म्हटलं तर ती पोकळ धमकी आहे की खरी, हे घरात बसून ठरवायचं नाही. त्याला एकटं सोडायचं नाही आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं. धमकीवर पैसे हा उपचार नाही. फोनवर बोलायचं असेल तर सरकारच्या टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आहे, व्यसनासाठी १४४४६.

हट्टानं एका दिवसात सोडायलाही लावू नका. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवलं तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होतात, जिवावर बेतू शकतं. ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायचे. आणि दारू सुटावी म्हणून चहात, भाजीत गुपचूप मिसळायची ती पावडर! काकूंनीही एकदा आणली होती. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असलं आणि वर दारू पोटात गेली, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. हे औषध माणसाला सांगून, तपासण्या करून द्यायचं असतं.

काकांना मी ॲल-अनॉनच्या सभेला जायला सांगितलं. पिणाऱ्यांच्या घरच्यांचा हा गट अमेरिकेत १९५१ मध्ये सुरू झाला, आपल्याकडे मराठीतूनही सभा होतात. व्यसन मी लावलं नाही, ते माझ्या ताब्यात नाही, ते मी बरं करू शकत नाही, ही त्यांची तीन वाक्यं. पहिलं वाक्य म्हणताना काकांचा आवाज दर वेळी बसायचा.

परीक्षा दीड महिन्यानं झाली. रात्री अकराला मुलाचा फोन, बारवाल्यानं बसवून ठेवलंय, दोन हजार टाका. काकांनी वाक्य म्हटलं. मुलानं शिव्या दिल्या. काकांनी पुन्हा तेच म्हटलं आणि फोन ठेवला. मग रात्रभर ओट्यावर बसून राहिले. सकाळी सहाला मुलगा चालत आला, मोबाईल बारमध्ये ठेवून. आठवड्याभरानं तो स्वतः म्हणाला, चला.

त्यानंतर पाचव्या महिन्यात स्लिप झाली, म्हणजे तो पुन्हा प्यायला. या खेपेला मात्र त्यानंच डॉक्टरांना फोन केला आणि दोन दिवसांनी वडिलांना सांगितलं. मला विचाराल तर त्या दोन दिवसांचं मोल कोऱ्या पाच महिन्यांपेक्षा जास्त आहे. सून अजून माहेरीच आहे. घाई करू नका, असं मीच तिला सांगितलंय.

परवा काका आले तेव्हा पिशवीत डायरी नव्हती.

“मुलाला दाखवलीत?”

“नाही. माळ्यावर टाकली.”

“आणि सिनेमा? पुढचा बघितलात?”

“पोरगी म्हणते बघा. म्हटलं, थांब जरा. आधी आमचा बघू दे.”