समुपदेशन अनुभव: रात्री पावणेअकराचा रस्ता

"मॅडम, नागपुरात खरंच एवढं वाढून राहिलं का, की मीच घाबरट झाली?"

गुन्हेगारीविषयीचा हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतो. दुसऱ्या पाळीत काम करणाऱ्या मुलींच्या आया तो विचारतात, मुले परदेशी गेल्यामुळे धरमपेठेत एकटे राहणारे वृद्ध विचारतात आणि शिकवणीसाठी लेकरू इथल्या होस्टेलवर ठेवून यवतमाळला परतणारे पालकही विचारतात. इथे मी सांगते आहे तो अनुभव एका कुटुंबाचा आहे. त्यांच्या संमतीने तो लिहीत असले, तरी ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्या बाईंना मी इथे फक्त काकू म्हणेन. समोर बसूनही मी त्यांना तेच म्हणत असे.

काकू अठ्ठावन्न वर्षांच्या. त्यांचे माहेर नागपूरच्या जुन्या महाल भागातले, बडकस चौकाजवळच्या एका वाड्यातले, आणि लग्नानंतरचा बराच काळही जुन्या शहरातच गेलेला. सात वर्षांपूर्वी कुटुंब मानेवाड्याच्या पुढे, हुडकेश्वरच्या बाजूला, एका नव्या लेआउटमधल्या फ्लॅटमध्ये राहायला आले. सव्वीस वर्षांची मुलगी मिहान या विमानतळालगतच्या उद्योगक्षेत्रातल्या एका कंपनीत नोकरीला लागली. तिची पाळी रात्री दहाला संपे. साडेनऊपासून काकूंच्या छातीत धडधड सुरू होई, त्या गॅलरीत उभ्या राहत आणि दर पाच-सात मिनिटांनी फोन करत. मुलगी फोन उचलेनाशी झाली होती. "असंच चाललं तर मी खोली करून वेगळी राहीन," असे तिने सांगितले, तेव्हा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या काकांनी दोघींना माझ्याकडे आणले.

पहिल्या भेटीत माझ्यासमोर तिघे जण तीन शहरांविषयी बोलत होते. काकूंच्या मते शहर बिघडले होते. मुलीच्या मते नागपूर अगदी सुरक्षित होते आणि आईने मोबाइल बाजूला ठेवला तर सगळे प्रश्न मिटणार होते. काका म्हणाले, "मी रात्री दोनला वर्धा रोडनं स्कूटरवर आलेलो आहे, मला कोणी हात नाही लावला." त्यांचे म्हणणे खरेच असणार, पण त्यात ‘मला’ हा शब्द किती मोठा आहे, याची त्यांना कल्पना नव्हती. भररस्त्यावरच्या मारामारीत अनेक ठिकाणी तरुण पुरुषच अधिक सापडतात आणि भीती मात्र स्त्रियांना व वृद्धांना अधिक वाटते, हे अभ्यासकांनी पुष्कळदा नोंदवले आहे. ते ऐकून काका पटकन म्हणाले, "म्हणजे भीती खोटी." तसे नाही. बाईच्या मनात पर्स हिसकावली जाण्याच्या भीतीमागेही त्याहून वाईट काहीतरी उभे असते, आणि रात्री दोनला स्कूटर चालवणाऱ्या पुरुषाच्या मनात सहसा ते नसते.

काकूंना महाल अजूनही सुरक्षित वाटत होता, हे मला विशेष लक्षवेधी वाटले. लहानपणी त्यांनी घराजवळच्या गल्लीत चाकू चाललेला पाहिला होता. १७ मार्च २०२५ च्या रात्री महालात दंगल उसळली, त्यानंतर तिथे काही दिवस संचारबंदी होती आणि काकूंचे भाऊ घरात अडकून पडले होते. तरीही त्या म्हणाल्या, "तिथं मला काही नाही वाटत. गल्लीत शिरलं की ओट्यावरून कोणी तरी विचारतेच, कोणाकडची गं तू?" मुलगी त्यावर तिथल्या तिथे म्हणाली, "मला तोच प्रश्न नको आहे, आई." आईला ज्या नजरेत राखण दिसत होती, त्याच नजरेत मुलीला पहारा दिसत होता. ती नोंद मी वहीत केली, पण तिचे काय करायचे ते मला तेव्हा कळले नाही.

उलट, दुसऱ्या भेटीत मी चूक केली. काकूंना आकड्यांनी धीर येईल, अशा समजुतीने मी शिक्षिकेच्या थाटात बोलत राहिले. एनसीआरबीचा, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय विभागाचा, वार्षिक अहवाल वीस लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांची वेगळी यादी देतो आणि त्यात नागपूर असते. मात्र दर लाख लोकांमागचे प्रमाण काढताना २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या धरली गेली, म्हणजे आपल्यासाठी जेमतेम २४-२५ लाख, आणि त्यानंतर चहूकडे लेआउट पसरून माणसे वाढली तरी भागाकार जुन्याच संख्येने होत राहिला, असे मी समजावले. नोंदलेले गुन्हे वाढणे आणि गुन्हेगारी वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे तो अहवालच बजावतो, हेही सांगितले. ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी दखलपात्र गुन्ह्याची नोंद करून घेणे पोलिसांना बंधनकारक ठरवले, आणि तक्रार नोंदवणे सोपे झाले की शहराचा आकडा फुगतो, हा मुद्दाही मांडला. नागपूरला चिकटवल्या जाणाऱ्या ‘क्राइम कॅपिटल’ या बिरुदाविषयी तर मी जरा चवीनेच बोलले. २०१४ पासून राज्याचे गृहखाते बहुतेक काळ नागपूर शहरातल्या किंवा जिल्ह्यातल्याच नेत्याकडे राहिले असल्याने हे बिरुद राजकारणात फार सोयीचे आहे. हे सगळे खरे आहे, पण त्या दिवशी त्याचा काही उपयोग नव्हता.

काकूंनी मला मोबाइलवरची एक सीसीटीव्ही चित्रफीत दाखवली. एका गल्लीतून मुलीला ओढून नेताना दिसत होते, आणि सोसायटीच्या ग्रुपवर ती ‘आपल्या एरियातील, सावध राहा’ अशा सूचनेसह आली होती. मी ती थांबवून मोठी केली, तेव्हा मागच्या दुकानाच्या पाटीवर गुरुमुखी अक्षरे दिसली. ती दाखवताना मला विजय मिळाल्यासारखे वाटले, हे कबूल करते. जी घटना सहज आठवते ती वारंवार घडते असे मनाला वाटते, हे ट्वर्स्की आणि काहनमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेले तत्त्वही मी लगेच जोडून दिले. काकू म्हणाल्या, "पंजाबची असेल मॅडम, पण पोरगी तर कोणाची तरी होती नं."

मग थोडा वेळ थांबून त्यांनी विचारले, "कस्तुरबा नगरच्या बायांनी किती वर्षं सांगितलं, ते कोणत्या आकड्यात होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. कस्तुरबा नगरातल्या बायांना वर्षानुवर्षे छळणारा अक्कू यादव १३ ऑगस्ट २००४ रोजी इथल्या जिल्हा न्यायालयातच जमावाच्या हातून मारला गेला. त्या वस्तीतल्या कितीतरी बाया, आपल्या तक्रारींची दखलच घेतली गेली नाही, असे तेव्हा सांगत होत्या. जिथे तक्रार पोहोचत नाही तिथला कागद कोराच राहतो, आणि मी तोच कागद काकूंपुढे धरून शहराची बाजू मांडत होते. पुढच्या आठवड्यात त्या आल्या नाहीत.

मीच फोन केला, माफी मागितली आणि तिघांना पुन्हा बोलावले. या वेळी मी बोलले नाही. प्रत्येकाला एक मोठा कोरा कागद, एक निळी आणि एक लाल पेन्सिल दिली. मुलगी कंपनीतून घरी येते तो रस्ता निळ्याने काढा, आणि जिथे जीव घाबरा होतो तिथे लाल खूण करून शेजारी वेळ लिहा, एवढेच सांगितले. एकमेकांच्या कागदाकडे पाहायचे नव्हते.

काकांनी पट्टी मागून घेतली आणि वर्धा रोड, आउटर रिंग रोड असे सगळे प्रमाणात काढले. त्यांच्या कागदावर लाल खूण एकच होती. मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "तिथं खड्डा आहे. माझी गाडी दोनदा घसरली."

काकूंनी आपली इमारत काढली, गेट काढले, गेटसमोरचा रस्ता कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत नेला आणि तिथे पेन्सिल थांबली. पुढचा रस्ता त्यांना ठाऊकच नव्हता. मुलगी कोणत्या बाजूने येते, गाडी तिला कुठे सोडते, वाटेत काय लागते, यातले काहीच नाही. बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिल्या. मग लाल पेन्सिल आडवी धरून त्यांनी दुकानापलीकडचा सगळा कागद रंगवून काढला. पेन्सिलीचे टोक झिजून लाकूड कागदावर घासू लागले, तरी त्यांचा हात थांबला नाही.

मुलीच्या कागदावर बारीक निळी रेघ होती आणि तिच्यावर सात लाल ठिपके. तो कागद उलटा करून ठेवावा असे तिला वाटत होते, हे तिच्या हाताच्या हालचालीवरून दिसत होते. दाखवायचा की नाही हे तिनेच ठरवावे, असे मी सांगितले. दोन मिनिटांनी तिने तो सरकवला. मुख्य रस्त्याच्या वळणावर, जिथे कंपनीची गाडी तिला उतरवून देई, १०.४०. तिथल्या पानठेल्यासमोर, १०.४१. पुढचे दोन खुले प्लॉट, जिथे गाजरगवत खांद्याइतके वाढलेले आणि खांबावरचा दिवा बंद, १०.४३. एकदा मोटारसायकलवरची दोन पोरे तिच्या चालीने गाडी चालवत इथूनच सोबत आली होती. आणि शेवटचा, सातवा ठिपका त्यांच्याच इमारतीत होता: लिफ्ट, ‘कधीही’.

"तिसऱ्या मजल्यावरचे काका," ती म्हणाली. "उगाच जवळ उभे राहतात. उगाच खांद्यावर हात ठेवतात."

काकू याच माणसाला, लेक उशिरा आली तर जरा लक्ष ठेवा, असे सांगून ठेवत असत. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी पीडितेच्या ओळखीचाच असतो, हे एनसीआरबीचे अहवाल वर्षानुवर्षे दाखवत आले आहेत. मागच्या भेटीत मी इतके आकडे सांगितले, पण या घराला उपयोगी पडणारा हा एक आकडा मला तेव्हा सुचला नव्हता.

आईने विचारले, "मग तू तर म्हणे, सगळं सेफ आहे म्हणून?" मुलगी म्हणाली, "एक जरी सांगितलं असतं, तर तू नोकरी सोडायला लावली असती."

या वाक्याशी मी बराच वेळ थांबले. ‘शहर सुरक्षित आहे की नाही’ हा वाद घरोघरी जसा चालतो, त्यात सुरक्षित म्हणणारी मुलगी अनेकदा शहराचे वर्णन करतच नसते. बाहेर पडण्याचा आपला हक्क वाचवण्यासाठी तिला ती भूमिका घ्यावी लागते. जी खरा रस्ता जाणते ती तो सांगत नाही, आणि जिला सांगितला जात नाही ती न पाहिलेला सगळा प्रदेश लाल करते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी आता आधी हेच विचारते की, तुमच्या मुलीने तुम्हाला एखादी वाईट गोष्ट सांगितली तर तिचे काय जाईल?

काकूंच्या तोंडून उत्तर यायला दोन भेटी लागल्या. मुलीने काहीही सांगितले तरी नोकरीचा विषय काढायचा नाही, हे त्यांनी मान्य केले. बदल्यात मुलीने गाडीत बसताना एक संदेश पाठवायचा आणि मधे फोन नाही, असे ठरले. ११२ हा क्रमांक दोघींच्या मोबाइलवर पहिल्याच जागी आला. सोसायटीचा ग्रुप काकूंनी सोडला नाही, तो रात्री नऊनंतर बंद ठेवू लागल्या. मी त्यांना तो सोडण्याचा सल्ला दिलाही नव्हता, कारण पाण्याचा टँकर कधी येणार ते तिथेच कळते.

ठिपक्यांपैकी काहींवर थेट उपाय होता. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचे असेल तर तिची संमती लागते आणि तिला घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मालकावर असते. गाडी आतल्या खराब रस्त्यावर यायला नको म्हणून चालक तिला वळणावर उतरवत होता, आणि नवी नोकरी म्हणून ती गप्प होती. काकांनी त्या कलमाची प्रत काढून दिली, मुलीने कंपनीला लेखी कळवले आणि गाडी गेटपर्यंत येऊ लागली. बंद दिव्याच्या तक्रारीचा पाठपुरावाही काकांनीच केला. तो दिवा लागला, पंधरा दिवसांनी पुन्हा गेला, पुन्हा लागला. तिसऱ्या मजल्यावर काकू एकट्या गेल्या. तिथे काय बोलणे झाले ते त्यांनी मला सांगितले नाही. मुलीने एवढेच सांगितले की ते गृहस्थ आता जिन्याने ये-जा करतात.

छातीतली धडधड आणि पहाटेपर्यंत झोप न लागणे मात्र केवळ बोलण्याने जाणारे नव्हते, म्हणून मी काकूंना मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवले. एका विशिष्ट वेळी, विशिष्ट कारणाने काळजी वाटणे आणि शरीराने रोज ठरावीक वेळी संकटाची तयारी करणे यात फरक आहे, आणि दुसऱ्या स्थितीला उपचार लागतात. तज्ज्ञांकडे जायचा संकोच असेल तर निदान टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर आधी बोलून घ्यावे. तिथे मराठीतही बोलता येते.

शेवटच्या भेटीत मी काकूंना तोच लाल कागद पुन्हा दिला आणि वेगळी पेन्सिल हवी का, असे विचारले. त्यांनी निळी घेतली. एका रात्री पावणेअकराला त्या मुलीबरोबर मुद्दाम वळणापासून घरापर्यंत चालत आल्या होत्या, त्यामुळे आता रेघ लालवरून पुढे जाऊ शकली. पानठेला काढला, प्लॉट काढले, दिव्याचा खांब काढला आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह घातले. त्यापलीकडचा कागद लालच राहिला.

"झोप तर ती आल्याशिवाय लागतच नाही मॅडम," निघताना त्या म्हणाल्या. "लिफ्टचा आवाज येतपर्यंत जागीच असते मी. पण फोन नाही करत."