जागा संपली म्हणून बागेचे फोटो पुसू नका

वाचकांचे प्रश्न : टॅब, फोन आणि साठवण

प्रश्न : ताई, नमस्कार. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. फवारणीच्या नोंदी आणि बागेचे फोटो सांभाळायचं काम घरात माझ्याकडे आहे. डावनी, भुरी हे द्राक्षावरचे रोग, घडांची वाढ, सगळ्याचे फोटो आणि व्हिडिओ मी टॅबवर काढते. सल्लागार व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात ते निराळेच. टॅब ३२ जीबीचा आहे आणि आता रोज ‘जागा अपुरी’ असं येतं. घरचे म्हणतात, जुने फोटो काढून टाक. दिरांचा पेन ड्राइव्ह लावून पाहिला, तर टॅब म्हणतो हा चालत नाही, फॉरमॅट करा. त्यात त्यांचे हिशेब आहेत म्हणून मी हात लावला नाही. बाजारात एक जण २ टीबीचा पेन ड्राइव्ह सातशे रुपयांत देतो म्हणाला. घेऊ का?

उत्तर : फॉरमॅटवर बोट ठेवलं नाहीत हे फार चांगलं केलंत. त्या एका होकारानं दिरांचे हिशेब पुसले गेले असते. त्यांचा पेन ड्राइव्ह बिघडलेला नाही. तो बहुधा विंडोजच्या संगणकावर एनटीएफएस या फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीनं तयार केलेला असेल, आणि बरेच अँड्रॉइड टॅब ती पद्धत वाचत नाहीत. त्यांचा त्यांना तसाच परत द्या.

सातशे रुपयांचा २ टीबी अजिबात घेऊ नका. तेवढ्या खऱ्या साठवणुकीला काही हजार रुपये पडतात. नाशिकमधल्या शालिमारजवळच्या माझ्या दुकानात असे ड्राइव्ह येतात तेव्हा लोकांचे चेहरे बघवत नाहीत. आतली चिप असते ३२ किंवा ६४ जीबीची, आणि तिचा ताबा घेणारा कंट्रोलर टॅबला खोटंच सांगतो की माझ्याकडे २ टीबी आहेत. टॅब विश्वास ठेवतो. खरी जागा भरेपर्यंत सगळं नीट चालतं. त्यानंतर टाकलेले फोटो नावापुरते दिसतात, उघडत नाहीत. कधी नवे फोटो जुन्यांवरच लिहिले जातात. तोवर तुम्ही टॅबमधले मूळ फोटो पुसलेले असतात. असा ड्राइव्ह आधीच घेतला असेल, तर संगणकावर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालवा. तो ड्राइव्ह काठोकाठ भरतो, परत वाचतो आणि खरा आकडा सांगतो. मात्र ६४ जीबीच्या खऱ्या ड्राइव्हवर संगणक ५९ च्या आसपास दाखवतो, ती फसवणूक नाही. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं.

काही विकत घेण्याआधी टॅबच्या कडेला पिनेचं भोक असलेला ट्रे आहे का ते बघा. बऱ्याच टॅबना मेमरी कार्डाची जागा असते आणि घरात कोणाला ते माहीत नसतं. कार्ड आतच राहतं, बागेत फिरताना बाहेर लोंबत नाही. तशी जागा असेल तर तुमच्या कामाला मी कार्डच सुचवीन. नसेल तर एका टोकाला टाइप-सी आणि दुसऱ्या टोकाला नेहमीचा यूएसबी असा दुतोंडी पेन ड्राइव्ह घ्या, १२८ जीबीचा, नावाजलेल्या कंपनीचा, पक्क्या बिलासह. एम. जी. रोडवर सहज मिळेल. दुकानातच टॅबला लावून, एक फोटो टाकून, तो उघडून दाखवायला सांगा.

आता काय हलवायचं? सुरुवात व्हिडिओंपासून करा. साधारण फोटो ३ ते ५ एमबीचा असतो, पण फुल एचडी व्हिडिओचं एक मिनिट १२५ एमबीच्या आसपास जातं. आठ मिनिटांत १ जीबी गेला. तुमचा टॅब बहुतेक फवारणीच्या नि घड दाखवायच्या व्हिडिओंनीच भरला असेल.

फाइल्सच्या अ‍ॅपमध्ये निवड केली की ‘कॉपी’ आणि ‘मूव्ह’ असे दोन पर्याय दिसतात. नेहमी कॉपी करा. मूव्ह चालू असताना ड्राइव्हला धक्का लागला तर फाइल अर्धवट राहण्याचा धोका असतो. कॉपी झाली की ‘इजेक्ट’ करून ड्राइव्ह काढा, पुन्हा लावा, आणि त्यातले पाच-दहा फोटो आणि सगळ्यात मोठा व्हिडिओ ड्राइव्हवरूनच उघडून बघा. काढून पुन्हा लावणं महत्त्वाचं आहे, कारण टॅब काही वेळा ‘झालं’ म्हणतो तेव्हा शेवटचा भाग अजून लिहायचा बाकी असतो. हे सगळं पटलं की मगच टॅबमधलं पुसा.

पुसूनही जागा वाढली नाही तर गोंधळू नका. पुसलेले फोटो आधी ट्रॅशमध्ये जातात. गुगल फोटोजमध्ये ते ३० दिवस राहतात, बॅकअप झालेले असतील तर ६० दिवस. ट्रॅश रिकामा केल्यावर जागा सुटते. एक सावधगिरी : गुगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असताना तिथून फोटो डिलीट केला तर तो गुगलच्या खात्यातूनही जातो. फक्त टॅब रिकामा करायचा असेल तर ‘फ्री अप स्पेस’ हा वेगळा पर्याय आहे, तो वापरा. गुगलची फुकट जागा एकूण १५ जीबी, आणि १ जून २०२१ पासून फोटोही त्याच हिशेबात धरले जातात. ती भरली की नवे फोटो वर जाणं थांबतं, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका.

तुमच्या पत्रात नाही, पण द्राक्षाच्या कामात मोलाची एक गोष्ट आहे : तारीख. छाटणीनंतर कितव्या दिवशी पान कसं होतं, यावर तुमचं सगळं गणित. टॅबच्या कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोच्या आतच तारीख लिहिलेली असते, ती कॉपी करताना जात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोतून मात्र ती पुसली जाते. तिथे फाइलच्या नावातच आकडे असतात, उदाहरणार्थ २०२४१०१२, म्हणजे १२ ऑक्टोबर २०२४. ते नाव बदललंत तर तो फोटो कधीचा हे कळायला मार्ग उरत नाही. फाइलींची नावं तशीच ठेवा, आणि फोल्डरला मात्र स्वतःचं नाव द्या : ‘२०२४ गोड छाटणी, विहिरीकडचा प्लॉट’ असं. सल्लागारांना रोगाचा फोटो पाठवताना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तारीख टिकते आणि फोटो दाबला न गेल्यामुळे पानावरचा डाग त्यांना स्पष्ट दिसतो.

व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो फाइल्समध्ये ‘अँड्रॉइड’, त्यात ‘मीडिया’, त्यात व्हॉट्सअ‍ॅपच्या नावाचा फोल्डर, असे आत आत सापडतात. ते टॅबमधून पुसले की चॅटमधले फोटो धूसर दिसतात आणि उघडत नाहीत, पण ड्राइव्हवरची प्रत शाबूत असते. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा. ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली तिथे एकत्र दिसतात. आणि मीडियाचं ऑटो-डाउनलोड आजच बंद करा. गावच्या गटातल्या सकाळच्या शुभेच्छांनी बागेची जागा खाऊ नये.

घरच्यांना माझ्या वतीनं सांगा, जुने फोटो टाकायचे नाहीत. मागच्या वर्षी डावनी कोणत्या कोपऱ्यातून शिरली हे तुमच्या बागेपुरतं त्या फोटोंइतकं कोणीच सांगू शकत नाही. फक्त ते पेन ड्राइव्हवर गेले आणि टॅबमधून पुसले, की पुन्हा एकच प्रत उरते, आणि पेन ड्राइव्ह खिशातून पडतो, धुण्यात जातो, एके दिवशी काही न सांगता बंद पडतो. दिरांकडे संगणक असेलच. दुतोंडी ड्राइव्हचं दुसरं टोक त्याला लावा आणि हंगाम संपला की पूर्ण फोल्डर तिथेही उतरवून ठेवा.

प्रश्न : सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालो आहे. टॅब १६ जीबीचा, त्यात नवं अ‍ॅप बसत नाही. पेन ड्राइव्ह कायमचा लावून ठेवला तर अ‍ॅप त्यावर टाकता येतील का?

उत्तर : नाही, काका. पेन ड्राइव्ह हा टॅबचा माळा आहे. सामान ठेवा, पण तिथे चूल मांडता येत नाही. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ पासून मेमरी कार्डाला टॅबच्या आतल्या जागेत सामील करून घेण्याची सोय आहे, पण अनेक कंपन्यांनी ती आपल्या टॅबमध्ये दिलेली नाही. सेटिंगमधल्या स्टोरेजमध्ये कार्डासमोर ‘इंटर्नल म्हणून फॉरमॅट करा’ असं दिसलं तर सोय आहे असं समजा. तसं केलं की कार्डावरचं आधीचं सगळं जातं, आणि पुढे ते कार्ड फक्त त्याच टॅबमध्ये उघडतं. तुम्ही उलट्या बाजूनं जा : फोटो, गाणी, पीडीएफ ड्राइव्हवर न्या, आणि आत मोकळ्या झालेल्या जागेत अ‍ॅप बसवा. ड्राइव्हवरची गाणी आणि चित्रफिती व्हीएलसी या अ‍ॅपमध्ये थेट लागतात. ड्राइव्ह कायम लावून ठेवू नका. तो बॅटरी खातो, आणि टॅब उचलताना वाकला तर टॅबचं पोर्टच निकामी होतं. पोर्टची दुरुस्ती ड्राइव्हपेक्षा महाग पडते.

प्रश्न : पंचवटीतल्या आमच्या भजनी मंडळाकडे जुन्या कीर्तनांची ध्वनिमुद्रणं आहेत. आता टॅबवर व्हिडिओही काढतो. दोन अडचणी. पेन ड्राइव्हमध्ये ५० जीबी मोकळे असूनही दीड तासाचं कीर्तन त्यात जात नाही. आणि पोर्टेबल हार्ड डिस्क टॅबला लावली तर टकटक आवाज येतो, दिवा लुकलुकतो आणि काही दिसत नाही. डिस्क गेली का?

उत्तर : डिस्क गेली असं लगेच धरू नका, पण टॅबला ती पुन्हा पुन्हा लावूनही पाहू नका. आतली तबकडी फिरायला सुरुवात करताना जास्त वीज मागते. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ मधून ९०० देण्याचा संकेत आहे, आणि टॅब तेवढंही देईलच असं नाही. तबकडी अर्धवट फिरते, थांबते, पुन्हा प्रयत्न करते. तोच तुमचा टकटक आवाज असण्याची शक्यता जास्त. आधी तीच डिस्क संगणकाला लावा. तिथे नीट चालली तर टॅबसाठी स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्या. हब भिंतीतून वीज घेतो आणि डिस्कला देतो. किंवा एसएसडी घ्या, तिच्यात फिरणारं काही नसतं. संगणकावरही टकटक आली तर तिथेच थांबा आणि जाणकाराकडे न्या. अशा डिस्कवर घरी केलेल्या प्रत्येक प्रयत्नानं आतलं वाचण्याची शक्यता कमी होते.

पेन ड्राइव्हचं कारण वेगळं आहे. तो फॅट३२ पद्धतीचा असणार, आणि त्या पद्धतीत एकच फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही. फुल एचडीमध्ये ४ जीबी साधारण अर्ध्या तासातच होतात; दीड तास १० जीबीच्या पुढे जाईल. ड्राइव्हवरचं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या आणि संगणकावर तो एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट करा. मायक्रोसॉफ्टची ही पद्धत २००६ पासून आहे, पण २०१९ मध्ये तिचा तपशील त्यांनी सगळ्यांसाठी खुला केल्यावर ती सर्वत्र रुळली. हल्लीचे बहुतेक टॅब ती वाचतात. फार जुना टॅब वाचत नसेल, तर कीर्तन वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत चित्रित करा.

आता तुम्ही न विचारलेलं, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. या मुद्रणांतले काही बुवा आज हयात नसतील. ती पुन्हा करता येणार नाहीत. म्हणून हार्ड डिस्कवर एक आणि पेन ड्राइव्हवर एक अशा दोन प्रती करा, आणि त्या एकाच कपाटात ठेवू नका. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं यावरून पूर जोखणाऱ्या पंचवटीकरांना हे समजवायला नको. २००८ आणि २०१९ चे पूर आठवा. एक प्रत सिडकोत किंवा गंगापूर रोडला राहणाऱ्या सभासदाकडे असू द्या. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं खणात पडून राहिला तर आतली नोंद हळूहळू क्षीण होऊ शकते, तेव्हा आषाढी-कार्तिकीला दोन्ही प्रती काढून लावून, चार-दोन मुद्रणं ऐकून बघायची जबाबदारी एकाला नेमून द्या.

व्हिडिओला जागा पुरत नसेल आणि फक्त आवाजच हवा असेल, तर एमपी३ मध्ये १२८ केबीपीएसच्या दर्जाला तासाला ६० एमबीसुद्धा लागत नाहीत. नवं ध्वनिमुद्रण मात्र शक्य असेल तर डब्ल्यूएव्ही या आवाज न दाबणाऱ्या प्रकारात करा. तासाला सुमारे ६३५ एमबी जातात, पण पखवाजाचा नाद आणि टाळांची किणकिण खरी राहते. ऐकायला एमपी३ वाटा, जपायला डब्ल्यूएव्ही ठेवा.

प्रश्न : देवळालीहून लिहितो. माझा जुना टॅब मायक्रो यूएसबीचा आहे. मुलाकडून केबल आणली, तिच्या दुसऱ्या टोकाला पेन ड्राइव्ह बसतो, पण टॅबला त्याचा पत्ताच लागत नाही. टॅबमध्ये दोष आहे का?

उत्तर : बहुधा केबलमध्ये. मायक्रो यूएसबीच्या तोंडात पाच पिना असतात. टॅबला पेन ड्राइव्ह जोडण्यासाठीच्या खास केबलला ओटीजी म्हणतात; तिच्यात त्यातली चौथी पीन आत ग्राउंडच्या तारेशी जोडलेली असते, आणि तेवढ्यावरून टॅबला कळतं की या वेळी चार्ज व्हायचं नाही, समोरच्या ड्राइव्हचा मालक व्हायचं आहे. साध्या जोडकेबलमध्ये ती पीन मोकळी असते, म्हणून ती बाहेरून तशीच दिसली तरी चालत नाही. दुकानात ‘ओटीजी’ म्हणूनच मागा आणि टॅब सोबत न्या. दुकानातल्या चालत्या ओटीजीवरही ड्राइव्ह दिसला नाही, तर तुमच्या टॅबमध्ये ही सोय नाही असं समजा आणि ड्राइव्ह न घेता मेमरी कार्ड घ्या.