१९३२ साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात दोनच भावांसमोर सहा पोलीस कसे मारले गेले?
मुख्य कारण म्हणजे पोलीस रिव्हॉल्व्हर आणि मोजक्या काडतुसांवर गेले होते, तर हॅरी आणि जेनिंग्ज यंग शॉटगन-रायफल घेऊन घरात दबा धरून बसले होते. २ जानेवारीला बहिणी स्प्रिंगफिल्डमध्ये चोरीची गाडी विकायला आल्या, तिथून भावांचा सुगावा लागला. दहा पोलीस ब्रुकलाइनजवळच्या शेतघरावर गेले. हाका मारूनही आतून उत्तर आलं नाही. शेरीफ मार्सेल हेंड्रिक्स आणि डेप्युटी वायली मॅशबर्न यांनी मागचं दार फोडलं, आणि उंबऱ्यातच शॉटगनचे बार त्यांच्यावर झाले. बाहेरच्यांना आडोसा म्हणजे अंगणातली झाडं. काडतुसं संपत आली तरी ती माणसं तिथे उभी राहिली, हे विसरू नये. तीन दिवसांनी ह्यूस्टनमध्ये पोलिसांनी घेरल्यावर दोघे भाऊ मेले. त्यांनी एकमेकांवरच गोळ्या झाडल्या, असं त्यावेळी सांगितलं गेलं.

मात्र याला १९२९च्या शेअर बाजार कोसळण्यानंतर आलेल्या महामंदीची देणगी म्हणू नका. रिपब्लिक गावच्या मार्शलच्या (गावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या) खुनासाठी हॅरी जून १९२९ पासून, म्हणजे बाजार कोसळण्याआधीपासूनच फरार होता.