थंडीत कासवाला झोपवायचं का? कोकणात तरी नका हो

तुम्ही विचारलंय की पावसात खाचरात सापडलेलं कासव घरच्या हौदात ठेवलंय, डिसेंबर लागल्यापासून नीट खात नाही, आणि अमेरिकेतले लोक व्हिडिओत बॉक्स टर्टलला थंडीत फ्रिजमध्ये नाहीतर पातेऱ्याच्या (वाळल्या पानांच्या) खोक्यात झोपवतात तसं करू का. नका करू, प्लीज. मी दापोलीकडची, लहानपणापासून ही कासवं बघत आलेय म्हणून कळकळीने लिहितेय.

ते बॉक्स टर्टल वेगळंच जनावर आहे. उत्तर अमेरिकेतलं, राहतं जमिनीवर, पाठ घुमटासारखी उंच आणि पोटाच्या कवचाला बिजागरी, म्हणजे डोकं-पाय आत घेतले की खालून डबीसारखं बंद. तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात जमीन गार पडली की ते पातेऱ्याखाली भुसभुशीत मातीत शिरतं, वरची माती गोठत जाईल तसं अजून खाली सरकतं आणि एप्रिलच्या सुमाराला बाहेर येतं. अंगणात पाळणारे लोक त्यासाठी कुंपणाच्या आत मऊ मातीचा कोपरा राखतात, वरून पातेरा आणि पेंढा जाड घालतात. आणि मुख्य म्हणजे झोपायच्या आधी दोन-तीन आठवडे खाणं बंद करतात पण ऊब चालू ठेवतात, कोमट पाण्यात बसवतात, म्हणजे पोट पूर्ण रिकामं होतं, कारण गारठ्यात पचन थांबतं, पोटात राहिलेलं कुजतं आणि जनावर झोपेतच जातं. आजारी किंवा रोडावलेलं कासव तर झोपवतच नाहीत. तापमान साधारण 4 ते 10 अंश लागतं. शून्याखाली बराच वेळ गेलं तर गोठून मरायची भीती, आणि 10 च्या वर राहिलं की धड झोपही नाही नि धड जागही नाही, अंगातली चरबी तेवढी जळत राहते. फ्रिज वापरतात तो एवढ्याचसाठी, तोही वेगळा, थर्मामीटर लावून, हवेसाठी दार उघडून, मधे मधे वजन करून.

आता आपली थंडी बघा. रत्नागिरीत जानेवारीतही रात्री 18-19 अंश असतं आणि दुपारी तिशीच्या वर जातं. आमच्या दापोलीत थोडे दिवस खूप गारवा पडतो, तरी दुपारी ऊन असतंच. इथल्या कासवाला कित्येक महिन्यांच्या थंडीची झोप ठाऊकच नाही. गार पाण्यात त्याची भूक कमी होते, एवढंच. ऊन आलं की परत खाईल.

तुम्ही लिहिलंय पाठ मऊ आहे आणि नाक सोंडेसारखं पुढे आलंय, म्हणजे ते आपलं फ्लॅपशेल आहे. उलटं करून बघू नका, पण ते पाय आत घेताना मागून नीट बघा, पोटाच्या कवचाला दोन झडपा असतात, त्या मागच्या पायांवर अलगद मिटतात. हे पाण्यातलं जनावर, कोरड्या पेंढ्यात ठेवलंत तर कातडीतून पाणी जाऊन सुकेल. आणि याची लांब झोप असते ती उन्हाळ्यात, तळी-डबकी आटली की.

मी नऊ-दहा वर्षांची असताना मे महिन्यात आजोळचे लोक आटलेल्या तळीतून खळ्यासाठी माती काढत होते, मामाची कुदळ हातभर खाली गेली आणि बाजूच्या ढेकळातून चिखलाने माखलेलं कासव निघालं. डोळे मिटलेले, हलत नव्हतं, आम्हा पोरांना वाटलं मेलंय. मी बोट लावलं तर ती मागची झडप इतकी हळू हलली की माझ्याशिवाय कोणाला दिसलंच नाही. आजी म्हणाली, निजलंय ते, होतं तसं ठेव नि वर ओलं फडकं टाक. मामाने परत खड्ड्यात ठेवून मातीने बुजवलं. मृगाचा पाऊस दोन दिवस कोसळला, मग बघायला गेलो तर तिथे पाण्याने भरलेलं भोक आणि कडेला ओरखडे. मी केवढी नाचले होते तेव्हा.

आणखी एक, हे कासव घरी ठेवणं बेकायदेशीर आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत ते आहे. पाणी स्वच्छ राहतं म्हणून विहिरीत सोडायची आपल्याकडे जुनी पद्धत, पण बांधलेल्या विहिरीत त्याला वर यायला, अंडी घालायला काठच नसतो. (दुकानातून आणलेलं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं कासव असेल तर ते परदेशी, ते पऱ्यात (ओढ्यात) अजिबात सोडू नका, आपल्या कासवांचं खाणं आणि जागा ते बळकावतं.)

तेव्हा वनविभागाच्या हॅलो फॉरेस्ट 1926 नंबरवर फोन करा. ते येईपर्यंत सावलीत मोठ्या टपात पाठ बुडेल एवढं पाणी ठेवा, चढून बसायला एक चपटा दगड, वर जाळी, नाहीतर कावळे आणि मांजरं सोडणार नाहीत. भात, चपाती, ब्रेड काही घालू नका, चार दिवस नाही खाल्लं तरी त्याचं बिघडत नाही. आणि फोनवर कुठल्या खाचरात सापडलं ते नेमकं सांगा, म्हणजे तिथल्याच पऱ्यात त्याला सोडता येईल.